घरी असून करमत नाही

ऑस्ट्रेलियातल्या हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणींनी शिवार पोखरलं, तेव्हा तिथली माणसं गाव न सोडताच गावासाठी झुरू लागली. या दुखण्याला ग्लेन अल्ब्रेक्ट या तत्त्वज्ञाने ‘सोलॅस्टॅल्जिया’ हे नाव दिलं; त्यावरचा त्यांचा लेख २००५ चा. लॅटिन ‘सोलाशियम’ म्हणजे दिलासा, ग्रीक ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. ‘नॉस्टॅल्जिया’ याहून जुना. योहानेस होफरने १६८८ मध्ये बासेलच्या प्रबंधात तो घडवला, पण तो घरापासून लांब पडलेल्यांसाठी.

आपल्याकडे या दोन्हींना पुरेल असं क्रियापद आहे: करमणे. त्याचा संबंध संस्कृत ‘क्रम्’शी लावतात. वेळ क्रमणे, म्हणजे वेळ पुढे सरकणे. ‘करमणूक’ याच घरातली. नव्या नवरीला सासरी करमत नाही, तसंच जन्मभर एका गावात राहिलेल्या म्हाताऱ्यालाही ‘आता हितं करमंना’ असं वाटू शकतं. या शब्दात दुःखाचा गवगवा नाही. दिवस अडून बसलाय, एवढंच तो सांगतो, आणि मला तो परक्या शब्दापेक्षा अचूक वाटतो.

अकलूजला हे नदीकाठी कळतं. गाव नीरेच्या काठचं. नदीच्या नावातच नीर. तुकोबांची पालखी पंढरीच्या वाटेवर अकलूजला येते, त्याआधी पलीकडच्या सराटीला पादुकांना नीरास्नान घालतात. पात्र कोरडं असलेल्या वर्षी हे स्नान टँकरच्या पाण्याने घालायची वेळ आली आहे. शेजारी नदी आणि पादुकांवर टँकरचं पाणी! काठावर हात जोडून उभ्या असलेल्या माणसाचं गाव कुठेही गेलेलं नाही, घरदार जागच्या जागी आहे. तरी त्याचं काहीतरी गेलेलं असतं. याच नीरेच्या पाटपाण्याने आसपासच्या माळशिरस तालुक्यातल्या जिराईत रानात ऊस उभा केला, साखर कारखाना आला, घरं सावरली. ते खरंच आहे, आणि म्हणूनच नदीबद्दलची हळहळ बोलून दाखवणं तिथे जड जातं.

नुकसानीच्या पंचनाम्यात पिकाला रकाना असतो, विहिरीला असतो, पडलेल्या भिंतीला असतो. न करमण्याला नसतो. नदीकाठच्या लोकांचं म्हणणं टिपणाऱ्यांना माझी विनंती आहे: कुणी ‘करमत नाही’ म्हणालं, तर त्याचा ‘मानसिक ताण’ करू नका. म्हणाले तसंच लिहा, आणि कधीपासून करमत नाही, तेही विचारा.