श्वानाची श्मश्रू

माणसाची पत कशावरून ओळखावी, याबद्दल निरनिराळ्या काळी निरनिराळी मते होऊन गेली. कोणी ती पागोट्यावरून ओळखली, कोणी पायातल्या जोड्यावरून. आमचे एक मामा घरातल्या कपांना कान शाबूत आहेत की नाहीत, यावरून ओळखत. माझे स्वतःचे मत असे, की पत ओळखावी ती माणसाच्या कुत्र्याच्या केसांवरून. मालकाचा कोट उसना असू शकतो. पण कुत्र्याचे केस कोणी कापले, आणि मुळात कापले की नाही, हे काही केल्या लपत नाही.

आमच्या भागात पूर्वी जिथे पिठाची गिरणी होती तिथे आता कुत्र्यांचे सलून निघाले आहे. नुसत्या एका हजामतीचा तिथला दर माझ्या वर्षभराच्या कटिंगला पुरून उरेल. ‘काय दिवस आले बघा!’ असे म्हणणारी मंडळी बाहेर उभी असतात. त्यांना सांगावेसे वाटते, की बाबांनो, हे दिवस आज आलेले नाहीत. ते येऊन दोनशेहून अधिक वर्षे झाली.

पूडल या जातीचेच घ्या ना. अंगावर गोंडेच गोंडे, मध्येच तुळतुळीत पाठ. पाहिल्यावर वाटते की न्हाव्याला अर्ध्यात बोलावणे आले असावे. पण हा प्राणी मुळात कष्टकरी. पाण्यात पडलेली बदके शिकाऱ्याला आणून देणे, हा त्याचा धंदा. त्याचे जर्मन नाव पाण्यात डुंबण्यावरून आले, तर फ्रेंच नाव बदकावरून. दाट केस भिजून जड होत, म्हणून मागच्या बाजूचे कापीत. आणि छाती व सांधे गारठू नयेत म्हणून तिथले ठेवीत, असे सांगतात. म्हणजे ते गोंडे ही फॅशन नव्हे, तो स्वेटर होता! पुढे हा गडी पॅरिसच्या श्रीमंत बायकांच्या मांडीवर जाऊन बसला. बदके सुटली, गोंडे राहिले. मजुराची जीन पँट नाही का पुढे मजुरालाच परवडेनाशी झाली? तसेच हे.

त्या पॅरिसात पाँ-नफ पुलावर आणि सीन नदीच्या काठी कुत्री भादरणारे कारागीर बसत. आपल्याकडे वडाखाली न्हावी बसावा तसे, अगदी उघड्यावर. गिऱ्हाईक भुंकते एवढाच काय तो फरक.

आणि जिथे हौस तिथे सरकार. १८५५ साली फ्रान्समध्ये कुत्र्यांवर कर बसला. कायद्याने कुत्र्यांच्या दोन जाती केल्या : एक चैनीचा आणि एक कामाचा. चैनीच्या कुत्र्यावर १० फ्रँकपर्यंत कर, राखणीच्या कुत्र्यावर अगदी १ फ्रँकपासून. झाले! मांडीवरून न उतरणारे श्वानसुद्धा घराची राखणच करते, असे सांगणारे मालक निघाले. प्राप्तिकराचा फॉर्म भरणाऱ्या कुणालाही त्यात नवल वाटू नये. पण या कराच्या मागे एक कडू गोष्ट होती. कुत्रे पिसाळण्याची भीती तेव्हा घरोघर होती, पाश्चरची लस यायला अजून तीस वर्षे होती. कराची बाजू मांडणाऱ्यांचा एक मुद्दा असा, की कर बसला म्हणजे गरिबांची कुत्री कमी होतील. जणू पिसाळणे हा फक्त गरिबाच्या कुत्र्याचा रोग!

लंडनने तर कुत्र्यांचा व्यवस्थित कारभारच थाटला. १८५९ साली न्यूकॅसलला प्रदर्शन भरले, १८७३ साली केनेल क्लब निघाला. स्प्रॅट नावाच्या अमेरिकनाने कुत्र्यांची बिस्किटे काढली, आणि त्याच्याच कंपनीतल्या चार्ल्स क्रफ्टने १८९१ साली स्वतःच्या नावाचे प्रदर्शन भरवले. खुद्द व्हिक्टोरिया राणीची कुत्री त्यात आली होती. हे क्रफ्टसाहेब स्वतः घरी मांजर पाळीत, असे म्हणतात. धंदा आणि घर वेगळे ठेवावे ते असे. याच लंडनात १८६० साली मेरी टील्बी नावाच्या बाईने बेवारशी कुत्र्यांसाठी आसरा काढला, तर ‘टाइम्स’ने तिची टर उडवली. विंचरलेल्या कुत्र्याला बक्षीस, न विंचरलेल्याची थट्टा.

पण बेवारशी कुत्र्याची खरी गोष्ट ऐकायला मुंबईलाच यावे लागते. तिथे सरकारने त्याची रोख किंमत ठरवून ठेवली होती : मारलेल्या दर कुत्र्यामागे आठ आणे. वर्षातल्या ठरावीक दिवसांत भटकी कुत्री मारायची, असा नियम होता. १८३२ साली ती मुदत वाढवली. आठ आण्यांचा मोह मोठा; शिपाई घरात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेतात, अशी तक्रार होऊ लागली. त्यातून ६ जूनला पारशांचा पवित्र दिवस. पारशी अंत्यविधीत कुत्र्याची नजर प्रेतावर पडावी लागते, त्याला सगदीद म्हणतात. त्यांच्या लेखी कुत्रे म्हणजे परलोकाच्या वाटेवरचा साक्षीदार! फोर्टात शिपायांना चोप बसला. दुसऱ्या दिवशी हरताळ. पारशांबरोबर हिंदू आणि जैनही उतरले. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडली. शेवटी लष्कर बोलवावे लागले.

यातून पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ निघाली. तिथे कुणाला गोंडे ठेवत नव्हते. पोटाला घालत होते, आणि मुख्य म्हणजे मारत नव्हते.

मला या दंगलीचे कौतुक वाटते ते एवढ्यासाठी, की ती माणसे ज्या कुत्र्यांसाठी रस्त्यावर आली, त्यातल्या बहुतेकांना मालकच नव्हता. त्यांना विंचरून कुणाची पत वाढणार नव्हती. आमच्या हिचे म्हणणे मात्र वेगळे. ती म्हणते, “मोटारीतून हिंडणाऱ्यांना भूतदया सोपी असते. पहाटे दूध टाकायला सायकलवरून जाणाऱ्या पोराला विचारा!” तेही खरेच आहे. चावा बसतो तो पायी चालणाऱ्याला, आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा उलटला की बहुधा माणूस वाचत नाही.

यावर आपल्या देशाने २००१ सालच्या नियमांत एक तोड काढली. भटक्या कुत्र्याला मारायचे नाही; धरायचे, शस्त्रक्रिया करायची, लस टोचायची आणि होता तिथे आणून सोडायचे. २०२३ साली नवे नियम आले, तरी सूत्र तेच राहिले. ज्याचे हे सारे झाले, त्याच्या कानाची कड खूण म्हणून थोडीशी कापतात. रस्त्यावरच्या कुत्र्याची श्मश्रू होते ती एवढीच, जन्मात एकदा आणि फुकट. ती बघून कुणी त्याच्या मालकाची पत ओळखणार नाही. मात्र गाव ती वेळेवर, सगळ्या कुत्र्यांची करते की अर्ध्यातच टाकून देते, यावरून गावाची पत ओळखायला हरकत नाही. आमच्या मामांनी कपाचे कान बघितले, आपण कुत्र्याचे बघावेत.