हातरंगी पक्षिचित्रांचा संग्रह

रंगीत छपाई यंत्रावर होऊ लागण्यापूर्वी पुस्तकांतली पक्ष्यांची चित्रे काळ्या रेषेत छापली जात आणि छापून आलेल्या प्रत्येक कागदावर जलरंग हाताने भरले जात. युरोपात ही पद्धत अठराव्या शतकात रुजली. फ्रान्समध्ये बुफाँच्या ग्रंथाला जोड म्हणून मार्तिने याने केलेल्या मालिकेत १००८ चित्रे आहेत आणि त्यांपैकी ९७३ पक्ष्यांची आहेत. ती रंगवायला ऐंशीहून अधिक माणसे लागली. आज संग्राहक ज्यांच्या शोधात असतात ती चित्रे बहुतांशी अशा पुस्तकांतलीच पाने होत.

हिंदुस्थानातील पक्षी या छापील पानांवर येण्याआधी देशी चिताऱ्यांच्या कुंचल्यातून उतरले होते. कलकत्त्यात १७७७ ते १७८३ या काळात मेरी इम्पे हिने शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या पाटण्याकडच्या चित्रकारांकडून तीनशेहून अधिक चित्रे काढवून घेतली. जॉन लॅथमने त्यांचा आधार घेऊन काही पक्ष्यांची वर्णने लिहिली. तंजावरला दुसरे सरफोजीराजे भोसले (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी स्थानिक चिताऱ्यांकडून पशुपक्ष्यांची चित्रे करवून घेतली. त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला दिलेला असा एक संग्रह लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ही चित्रे एकेकटी, हाती काढलेली. मुद्रित चित्राची गोष्ट वेगळी. जनरल थॉमस हार्डविक याने हिंदुस्थानात जमवलेल्या चित्रांपैकी निवडक चित्रे जॉन एडवर्ड ग्रे याने १८३० ते १८३५ या काळात २०२ हातरंगी छाप्यांच्या रूपाने प्रसिद्ध केली. त्यामुळे मूळ रेघ देशी चिताऱ्याची, छापा इंग्रज कारागिराचा आणि रंग लंडनच्या कारखान्यातला, अशी विभागणी झाली.

दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी शास्त्रीय यादी विल्यम हेन्री साइक्स याची. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करताना त्याने पक्षीही जमवले आणि १८३२ मध्ये त्यांची सूची लंडनला प्रसिद्ध केली. त्याच सुमारास जॉन गूल्डने हिमालयातून आलेल्या कातड्यांवरून शंभर पक्ष्यांचा ग्रंथ काढला. त्यात ८० चित्रे होती. दगडावरचे रेखन त्याची पत्नी एलिझाबेथ हिने केले आणि वर्णने निकोलस व्हिगर्सने लिहिली. माळढोकाला शास्त्रीय नाव मिळाले ते १८३१ मध्ये, याच कामातून. परिणामी सोलापूर-नगरकडच्या माळरानांवर फिरणारा हा पक्षी हिमालयाच्या ग्रंथात जाऊन बसला. साइक्सने मात्र तो दख्खनचा पक्षी म्हणून आपल्या सूचीत नोंदवला. चित्रकाराच्या समोर जिवंत पक्षी नव्हे, तर दूरदेशाहून आलेले कातडे असे. त्यामुळे अशा चुका छाप्यात कायमच्या राहून गेल्या.

या परंपरेत टी. सी. जर्डन वेगळा उठून दिसतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडदळात डॉक्टर म्हणून तो जालन्याच्या छावणीत राहिला आणि दख्खनचे पक्षी त्याने प्रत्यक्ष पाहिले. मद्रासहून १८४३ ते १८४७ या काळात भागाभागाने निघालेल्या त्याच्या ग्रंथात ५० चित्रे आहेत आणि ती मुख्यतः दक्षिणेतील पक्ष्यांची आहेत. त्यांसाठी त्याने हिंदुस्थानी चिताऱ्यांकडून काम घेतले. हिंदुस्थानात कधीच न आलेल्या गूल्डने पुढे आशियाच्या पक्ष्यांवर ५३० चित्रांचा ग्रंथ हाती घेतला. तो १८५० च्या सुमारास सुरू होऊन त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये, पुरा झाला.

छापण्याच्या दोन रीती होत्या. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रात रेघ बारीक आणि टोकदार येते, आणि पत्र्याच्या कडांचा दाब कागदावर चौकटीसारखा उमटतो. शिळाछापात चित्र मेणट खडूने दगडावर काढले जाते. त्यामुळे पिसांचा मऊपणा चांगला साधतो आणि कागदावर दाबाची खूण राहत नाही. छापा सुकला की मंजूर केलेला एक नमुना समोर ठेवून रंगारी पुढचे कागद रंगवीत. गूल्डच्या कामात गॅब्रिएल बेफील्ड हा प्रमुख रंगारी होता. रंग पातळ हाताने चढवत आणि डोळा किंवा चकाकत्या पिसांवर गोंदाचे पाणी फिरवून तकाकी आणत. सर्वांसमोर नमुना एकच, पण हात निराळे; त्यामुळे एकाच छाप्याच्या दोन प्रतींत पंखाचा हिरवा कमीजास्त दिसतो. हिमालयाच्या ग्रंथाच्या पहिल्या प्रतींत फक्त पक्षी रंगवलेले असून फांद्या कोऱ्या आहेत. नंतरच्या प्रतींत पार्श्वभूमीही रंगवली आहे. संग्राहक हा फरक आवर्जून पाहतात.

अस्सल पान ओळखताना आधी भिंग लागते. आधुनिक छपाईत रंगाचे एकसारखे ठिपके दिसतात. हातरंगात कुंचल्याचे फटकारे दिसतात आणि रंग कुठे कुठे रेघेबाहेर गेलेला असतो. पान उजेडासमोर धरले की कागदातला कारखान्याचा जलचिन्ह-शिक्का आणि कधी सालही वाचता येते. शिसेयुक्त पांढरा रंग हवेतल्या गंधकाने काळवंडतो. मुंबईच्या दमट हवेत कागदावर तांबूस डाग पडतात आणि कसर लागते, म्हणून पाने आम्लरहित पुठ्ठ्यात, उन्हापासून दूर ठेवतात. जयपूर-उदयपूरच्या बाजारांत जुन्या स्टँप पेपरवर रंगवलेले पक्षी मिळतात. तिथे कागद जुना असला तरी चित्र नवेच असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुरंगी शिळाछाप स्वस्त झाला. ह्यूम आणि मार्शल यांचे शिकारीच्या पक्ष्यांवरील तीन खंड (१८७९ ते १८८१) त्याच रीतीने निघाले आणि हातरंगीचा काळ ओसरला. विसाव्या शतकात ग्रंथ फोडून पाने सुटी विकण्याचा धंदा वाढला. त्यामुळे चित्र भिंतीवर लागले, पण त्याच्याबरोबरचे वर्णन हरवले. भारतातील १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू परवानगीशिवाय परदेशी नेऊ देत नाही. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन हिंदी गृहस्थ होते. अशा संस्थांच्या ग्रंथालयांत मजकूर आणि चित्रे एकत्र राहतात. सुटे पान घेणाऱ्यानेही ते कोणत्या ग्रंथातले, कोणत्या खंडातले आणि कोणत्या क्रमांकाचे हे पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवावे, म्हणजे पक्ष्याची शास्त्रीय ओळख चित्राबरोबर टिकते.