सिद्धगड : भाई कोतवालांची बलिदानभूमी

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके गडकिल्ल्यांसाठी परिचित आहेत. शहापूरचा माहुली गड १६३६ मधील शहाजीराजांच्या अखेरच्या निजामशाही लढ्याचा साक्षीदार, तर मुरबाडचा सिद्धगड स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्मा भाई कोतवाल यांच्या बलिदानामुळे ओळखला जातो. म्हसोबाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या म्हसा गावावरून नारिवलीमार्गे गडाच्या पायथ्याशी जाता येते. आता हा परिसर भीमाशंकर अभयारण्यात मोडतो.

विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका नाभिक कुटुंबात झाला. प्रतिकूल परिस्थितीत त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. माथेरानच्या नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष होते. वकिलीत रमण्याऐवजी त्यांनी सावकार आणि जमीनदारांच्या जाचाखालील शेतकरी व आदिवासींसाठी काम केले. भूमिगत जीवनात त्यांना साथ मिळाली ती याच लोकांची.

१९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात कोतवालांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. मुंबईतील गिरण्या आणि विजेवर धावणाऱ्या रेल्वेगाड्या खोपोली, भिवपुरी व भिरा येथील जलविद्युत केंद्रांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून होत्या. डोंगराळ भागातून जाणारे वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले, की युद्धकाळातील मुंबईचे उद्योग थंडावतील, हे दस्त्याने हेरले. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात असे अनेक मनोरे कोसळले. सरकारने कोतवालांवर इनाम लावले. दस्त्याने सिद्धगडच्या जंगलाचा आश्रय घेतला.

ठावठिकाणा लागताच पोलिसांनी २ जानेवारी १९४३ च्या पहाटे तळाला वेढा घातला. गोळीबारात कर्जत तालुक्यातील मानिवलीचे तरुण हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल यांना वीरमरण आले. कोतवालांनी तेव्हा वयाची तिशी नुकतीच ओलांडली होती.

थोर व्यक्तींच्या स्मृती बहुधा जन्मगावाशी जोडल्या जातात. फ्रान्समध्ये जोन ऑफ आर्कला १४३१ मध्ये रुआँ शहरात जिवंत जाळण्यात आले. पण तिच्या जन्मामुळे दोंरेमी हे खेडे जगाला ठाऊक झाले आणि पुढे गावाच्या नावालाच तिचे बिरुद जोडले गेले. कोतवालांच्या बाबतीत उलटे घडले. माथेरानला पर्यटक येतात ते थंड हवेसाठी आणि छोट्या गाडीसाठी. हुतात्म्यांना वंदन करण्यासाठी मात्र पावले सिद्धगडाकडे वळतात. पायथ्याशी त्यांचे स्मारक असून दर वर्षी २ जानेवारीला तेथे अभिवादनासाठी लोक जमतात.

मुंबईतही ही आठवण आहे. दादरला प्लाझा चित्रपटगृहासमोरचे वीर कोतवाल उद्यान त्यांच्याच नावाचे. २०२० मध्ये त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपटही आला. तरीही उद्यानासमोरून रोज जाणाऱ्या अनेकांना त्या नावामागचा माणूस ठाऊक नसतो. सुट्टीच्या दिवशी सिद्धगडावर चढाईसाठी येणाऱ्या शहरवासीयांनी पायथ्याच्या स्मारकापाशी घटकाभर थांबावे. ज्या शहराची वीज तोडण्यासाठी हे तरुण झगडले, त्याच शहराच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी येथे प्राण दिले.