केवडा रोग व बाजरीची प्रतिकारकता

केवडा हा स्क्लेरोस्पोरा ग्रॅमिनीकोला या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे बाजरीला होणारा रोग आहे. रोगट झाडाची पाने बुडाकडून पिवळी पडत जातात, दमट हवेत त्यांच्या खालच्या बाजूस पांढरी लव दिसते आणि कणसात दाण्यांच्या जागी हिरव्या पानांचे झुबके येतात. हे झुबके जटांसारखे दिसत असल्याने रोगाला ‘गोसावी’ असेही नाव आहे. बीड जिल्ह्यात आष्टी, पाटोदा व शिरूर कासार हे तालुके पर्जन्यछायेत येतात आणि तेथील हलक्या जमिनीत बाजरी हे खरिपाचे जुने पीक आहे. तिचा दाणा भाकरीला व सरमाड जनावरांना लागते; त्यामुळे खुरटलेले व बिनदाण्याचे झाड हे घराचे आणि गोठ्याचे असे दुहेरी नुकसान ठरते.

या सूक्ष्मजीवाचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत अनेक वर्षे तग धरतात व कोवळ्या रोपांत शिरतात, तर पानांवर रात्रीच्या दमटपणात तयार होणारे दुसऱ्या प्रकारचे बीजाणू वाऱ्याने शेजारच्या झाडांवर जातात. जाड कवचाचे बीजाणू लैंगिक संयोगातून निर्माण होत असल्याने त्यांच्यात जनुकांची नवी जुळणी सतत होत राहते आणि आज प्रतिकारक असलेल्या वाणावर मात करणारा प्रकार उद्या त्यातूनच निपजू शकतो. प्रतिकारकता हा एकट्या झाडाचा गुण नसून झाड व रोगकारक या दोघांमधील नाते आहे, आणि ते नाते बदलते, हे केवड्याच्या इतिहासातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या रोगातून होत असेल.

भारतात बाजरीचे पहिले संकरित वाण १९६५ मध्ये प्रसारित झाले. अमेरिकेतील टिफ्टन येथे तयार झालेला ‘टिफ्ट २३ ए’ हा नरवंध्य वाण, म्हणजे ज्याचे परागकण निकामी असतात असा वाण, या पहिल्या पिढीतील संकरांची मादी होता. उत्पादन झपाट्याने वाढले, पण संकरित बाजरीचे प्रत्येक झाड जनुकीयदृष्ट्या जवळजवळ सारखे असते आणि हजारो गावांत तीच मादी पसरली होती. १९७१ मध्ये यांपैकी एचबी ३ या संकरावर केवड्याची साथ आली. देशाचे बाजरीचे उत्पादन १९७०-७१ मध्ये सुमारे ८० लाख टन होते, ते पुढच्या वर्षी सुमारे ५३ लाख टनांवर आले. या घटीत पावसाचाही वाटा होता, तरी ती सगळी पावसाच्या माथी मारता येत नाही. त्याच सुमारास, १९७० मध्ये, अमेरिकेत मक्याच्या संकरांवर करप्याची साथ येऊन तेथे नरवंध्यता आणणारे पेशीद्रव्य, म्हणजे पेशीकेंद्राबाहेरील भाग, दोषी ठरले होते. बाजरीतही तोच संशय घेतला गेला. पुढील तपासात मात्र दोष पेशीद्रव्याचा नसून पेशीकेंद्रातील जनुकांचा, आणि त्याहून अधिक एकसारखेपणाचा असल्याचे दिसले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेले बीजे १०४ व बीके ५६० हे संकरही सुरुवातीला तगले आणि मोठ्या क्षेत्रावर पसरल्यावर रोगाला बळी पडले.

प्रतिकारकतेची घडण पिकागणिक वेगळी असते. भातात ‘एक्सए २१’ हे रानटी भातातून आणलेले एकच प्रभावी जनुक जिवाणूजन्य करपा रोखते आणि ‘सुधारित सांबा मसुरी’ या २००८ मधील वाणात ते धरून या रोगाविरुद्धची तीन जनुके एकत्र आणली गेली. बाजरीत मात्र केवड्याची प्रतिकारकता बहुधा गुणसूत्रांवरील अनेक पट्ट्यांत विखुरलेली असून प्रत्येक पट्टा थोडा थोडा भार उचलतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारत व पश्चिम आफ्रिका येथील रोगकारकांविरुद्ध वेगवेगळे पट्टे उपयोगी पडत असल्याचे आढळले. म्हणजे एका प्रदेशात प्रतिकारक ठरलेला वाण दुसऱ्या प्रदेशात तसाच ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय भात स्वपरागित आहे, तर बाजरी परपरागित; म्हणून बाजरीत सुधारणा थेट संकरात न करता त्याच्या पालकांत करावी लागते. हरियाणातील एचएचबी ६७ या लवकर येणाऱ्या संकराबाबत हेच केले गेले. त्याच्या नर पालकात आयसीएमपी ४५१ या प्रतिकारक वाणातील पट्टे वारंवार पश्चसंकर करून, म्हणजे संततीचा पुन्हा पुन्हा मूळ पालकाशी संकर करून, उतरवले आणि डीएनएवरील मार्कर या खुणांच्या आधारे योग्य झाडे निवडली. २००५ मध्ये प्रसारित झालेला ‘एचएचबी ६७ सुधारित’ हा या पद्धतीने तयार झालेला, सार्वजनिक क्षेत्रातील देशातला एक अगदी आरंभीचा वाण होय.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा राहुरी, धुळे व मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील केंद्रांशी जोडलेली आहे. राहुरीचे ‘श्रद्धा’ व ‘सबुरी’, तसेच मराठवाड्यातील एएचबी मालिकेतील संकर केवड्याला प्रतिकारक म्हणून शिफारस झाले. आयसीटीपी ८२०३ हे १९८८ चे सुधारित वाण संकरित नव्हे. ते टोगो देशातील ‘इनियाडी’ या स्थानिक बाजरीतून इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने निवडले आणि त्यातूनच पुढे लोहसंपन्न ‘धनशक्ती’ निघाले. अशा संकरित नसलेल्या वाणातील झाडे एकमेकांपासून थोडी भिन्न असल्यामुळे रोगाला सर्वांवर एकाच वेळी मात करणे अवघड जाते. पेरणीपूर्वी बियाण्यास किलोमागे ६ ग्रॅम मेटॅलॅक्झिल ३५ टक्के चोळण्याची शिफारस आहे, पण त्याचे संरक्षण रोपावस्थेपुरतेच असते. बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात एकच संकर सर्वत्र आणि वर्षानुवर्षे पेरणे हा मार्ग, उत्पादन कितीही मिळाले तरी, धोक्याचाच आहे.

अलीकडे बाजरीवर करपाही वाढला असून तो भातावरील बुरशीजन्य करप्याच्या बुरशीशी निकटचे नाते असलेल्या बुरशीमुळे होतो. त्यामुळे नव्या वाणांची निवड आता केवडा आणि करपा अशा दोन्ही रोगांविरुद्ध करावी लागते.