पुनर्प्रक्रियित सांडपाण्याची बिअर
शहरी सांडपाणी शुद्ध करून त्यापासून बनवलेली बिअर. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. सिंगापुरात सूक्ष्मगाळण, व्यस्त परासरण व अतिनील किरण या टप्प्यांनी 'न्यूवॉटर' तयार होते; त्यापासूनची 'न्यूब्रू' २०१८ मध्ये सादर झाली, २०२२ मध्ये दुकानांत आली. अशा शुद्ध पाण्यात क्षार जवळजवळ उरत नसल्याने चवीपुरते ते पुन्हा घालता येतात. अडचण खरी किळसेची.

महाराष्ट्रात पाणी आणि बिअर समोरासमोर आले ते न्यायालयात : २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगांच्या पाण्यात कपात केली. जळगाव जिल्ह्यातील बोदवडसारख्या टंचाईग्रस्त ठिकाणी मात्र बिअरच्या आधी प्यायचे पाणी हवे.