स्वयंकेंद्री चक : एका पकडीचा इतिहास

लेथवर फिरणारा जिन्नस नेमका मध्यावर आणि घट्ट धरलेला नसेल, तर हत्यार कितीही तीक्ष्ण असलें तरी व्यर्थच. इंग्लंडांत हेन्री मॉडस्ले यानें इ. स. १८०० च्या सुमारास हत्यार कारागिराच्या हातांतून काढून सरकत्या बैठकीवर बसविलें, तेव्हां हाताचा कंप गेला. परंतु जिन्नस मध्यावर आणण्याचें काम त्याच्या नजरेवरच राहिलें. स्वतंत्र जबड्यांच्या चकांत एक जबडा सैल करावा, समोरचा आवळावा, पुन्हा फिरवून पाहावें; शंभर तुकडे करावयाचे असले, तर हा खटाटोप शंभर वेळां!

अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत राहणाऱ्या सायमन फेअरमन यानें १८४० सालीं लेथच्या चकाचें पेटंट घेतलें. पुढें त्याचा जांवई ऑस्टिन कुशमन यानें ती कल्पना विकसित केली, आणि हार्टफर्ड येथील त्याचा चक १८६२ पासून विकला जाऊं लागला.

यांतील युक्ति साधी आहे. चकाच्या पोटांत एक तबकडी असते. तिच्या एका अंगास सारख्या अंतराच्या वेढ्यांची नागमोडी नव्हे, तर सर्पाच्या वेटोळ्यासारखी खांच, आणि दुसऱ्या अंगास दाते असतात. चावी फिरविली कीं तबकडी फिरते व तिन्ही जबडे एकाच वेळीं, सारखेच आंत सरकतात. तिघांचे दाते एकमेकांपासून वेढ्याच्या तृतीयांशानें मागेंपुढें कापलेले असल्यामुळें जबडे १, २, ३ या क्रमानेंच बसवावे लागतात.

गोल व षट्कोनी गज या चकांत तत्काळ बसतात. कडें असल्यास जबडे आंतून बाहेर दाबूनही धरतां येतें. चौकोनी वा वेड्यावांकड्या ओतीव जिनसांस मात्र चार स्वतंत्र जबडेच हवेत. पातळ नळी फार आवळली तर ती किंचित् तिकोनी होते. कातून सोडल्यावर तिच्या छिद्राची गोलाई बिघडलेली आढळते. शिवाय वापरानें खांच झिजते आणि मध्य केसभर ढळतो. अशा वेळीं मऊ जबडे बसवून ते त्याच यंत्रावर मापानें कातून घेतात.

म्हणूनच जाणता कारागीर जिनसाचा बाहेरचा घेर आणि आंतील छिद्र शक्य तर एकाच पकडींत पुरें करतो; कारण एकदां सोडलेला तुकडा पुन्हा त्याच मध्यावर येईलच, असा भरंवसा नसतो. चकानें त्याचा वेळ वाचविला. त्याच्या विवेकाची गरज मात्र तशीच ठेवली.