इयत्ता, परीक्षा आणि अनुदान : शालेय मूल्यमापनाच्या इतिहासातील काही वळणे

मराठीत 'इयत्ता' हा शब्द शाळेतील वर्गासाठी इतका रूढ झाला आहे की त्याचा मूळ अर्थ सहसा ध्यानात येत नाही. संस्कृतात इयत्ता म्हणजे 'एवढेपणा', परिमाण, मर्यादा. विद्यार्थ्याचे ज्ञान एवढे आहे, याहून कमी नाही व अधिकही नाही, असे ठरवून त्याला त्या मापाच्या चौकटीत बसविणे ही कल्पना या शब्दात गर्भित आहे. अव्वल इंग्रजीपूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत अशी चौकट नव्हती. मूल मुहूर्त पाहून शाळेत येई, धूळपाटीवर अक्षरे गिरवी, पुढे बोरू हाती घेऊन मोडीचा कित्ता वळवी आणि हिशेब-ठिशेब जमू लागला की घरच्या व्यवसायात शिरे. एकाच ओसरीवर कोणी मुळाक्षरांत असे, कोणी पावकी-निमकीत, तर कोणी दिडकी-औटकीपर्यंत पोहोचलेला असे. पुढे गेलेला मुलगा मागच्याला सांगे. संध्याकाळी परवचा होई, आणि कोणाचे काय कच्चे आहे हे सर्वांच्या कानांवर पडे. मूल्यमापन रोजचेच होते. मात्र त्यासाठी वेगळा दिवस नव्हता आणि शाळेबाहेरचा परीक्षकही नव्हता.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. या ओसरीवर कोणाला बसता येत होते, हा प्रश्न तेथे बहुधा विचारलाच जात नव्हता. ज्यांना पायरीच चढू दिली जात नव्हती, त्यांचे मूल्यमापन सौम्य होते की कठोर, याची चर्चा व्यर्थ आहे.

अशाच एका ओसरीवरून अर्वाचीन शिक्षणपद्धतीतील एक प्रवाह निघाला, तो मात्र महाराष्ट्रातून नव्हे. मद्रासमधील एग्मोर येथे युरोपीय सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रम होता. १७८९ पासून त्याचा कारभार अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाकडे होता. एका 'मलबारी' शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली. (त्या काळच्या इंग्रजी लेखनात तमिळ भाषकांनाही मलबारी म्हणत.) आश्रमातील शिक्षकांनी हा प्रकार स्वीकारला नाही. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे लहानांना मुळाक्षरे शिकविण्याचे काम सोपविले आणि प्रयोग यशस्वी झाला. १७९७ साली लंडनमध्ये त्याने आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. जोसेफ लँकेस्टरने स्वतंत्रपणे तशीच पद्धत चालविली, आणि एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुलांना स्वस्तात शिकविण्याची ही युक्ती इंग्लंडभर पसरली.

तमिळ प्रदेशात ओट्याला 'तिण्णै' म्हणतात व तेथील देशी शाळांनाही त्यावरूनच नाव पडले. त्या शाळांत पुढारी विद्यार्थ्याला 'चट्टाम्बिळ्ळै' म्हणत. मुले 'पोन्निलक्कम्', 'नेल्लिलक्कम्', 'एण्सुवडी' अशी अंकांची, धान्यमापांची व पाढ्यांची कोष्टके मुखोद्गत करीत. इंग्रज निरीक्षकांना यात निव्वळ घोकंपट्टी दिसली. वस्तुतः ज्याला पुढे शेताचे क्षेत्र काढायचे आहे किंवा बाजारात भात मोजून द्यायचे आहे, त्याच्यासाठी ही कोष्टके कामाची हत्यारे होती. त्यांची खरी कसोटी व्यवहारात लागत असे. बेलने या शाळेतून वाळू व बालशिक्षक घेतले. तेथील विद्येचे व्यवहाराशी असलेले नाते घेतले नाही. उलट त्याने भर घातली ती क्रमवारीची. बरोबर उत्तर देणाऱ्याने चुकणाऱ्याच्या वर जाऊन बसायचे, वर टिकला की वरच्या वर्गात चढवायचे, तळाशी राहिला की खाली उतरवायचे आणि या सर्वांची नोंद ठेवायची. सोबत्याला शिकविणे आणि त्याला मागे टाकणे या दोन गोष्टी येथे एकत्र आल्या.

कंपनीच्या संचालकांनी १८१४ च्या आपल्या खलित्यात ही पद्धत मूळची हिंदी शाळांतली असल्याचे कौतुकाने नमूद केले होते. तरीही मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीने १८२३ च्या सुमारास देशी शाळांचे दोष मोजले, तेव्हा पुस्तकांच्या अभावाखालोखाल दुसरा दोष सांगितला तो सुलभ व परिणामकारक अध्यापनपद्धतीच्या अभावाचा! त्यावर उपाय ठरला लँकेस्टरची पद्धत. तीत तयार केलेले २४ शिक्षक १८२६ साली गुजरात, दख्खन व कोकणात धाडण्यात आले. ओसरीवरची वस्तू सातासमुद्रांपार जाऊन परतली आणि ओसरीलाच अडाणी ठरवू लागली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पुढचे वळण पैशाचे आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो याच्या १८६२ च्या नियमावलीने शाळांचे अनुदान निकालाशी जोडले. वाचन, लेखन व गणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होई, त्या प्रत्येक विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. मुंबई इलाख्यात १८६५-६६ पासून, सर अलेक्झांडर ग्रँट शिक्षणसंचालक असताना, साहाय्यित शाळांना हेच तत्त्व लागू झाले. १८८२ च्या हंटर आयोगाने प्राथमिक शाळांसाठी त्याची शिफारस केली, आणि देशी शाळाही या कक्षेत आल्या. पंतोजीची मिळकत आजवर पालकांच्या आण्या-शेरांवर होती; आता तिचा काही भाग दिपोटीसमोर उभ्या राहणाऱ्या मुलाच्या जिभेवर अवलंबून राहिला. अशा स्थितीत शिक्षक काय करील हे सांगायला फारसे संशोधन नको. जे विचारले जाणार तेवढेच तो शिकवील, आणि कच्च्या मुलाची त्याला अडचण वाटू लागेल. घोकंपट्टी ही देशी परंपरेची देणगी, असे आपण सर्रास लिहितो. तिच्या आजच्या रूपात या अनुदानाच्या गणिताचा वाटा मोठा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

मात्र परीक्षेकडे पाहण्याची दुसरीही दृष्टी त्याच आयोगासमोर मांडली गेली. जोतीराव फुले यांनी १८८२ च्या आपल्या निवेदनात पंतोजींच्या शाळांबद्दल जराही हळवेपणा दाखविलेला नाही. पाढे, थोडे मोडी आणि काही धार्मिक पाठ एवढेच तेथे शिकवितात, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शेतकरी वर्गातून प्रशिक्षित करावेत आणि त्यांना किमान १२ रुपये वेतन असावे, या त्यांच्या मागण्या सर्वश्रुत आहेत. त्या मानाने दुर्लक्षित राहिले ते त्यांचे परीक्षेविषयीचे मत. मुंबई विद्यापीठाने प्रवेशपरीक्षा खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांना खुली केली याचे त्यांनी स्वागत केले आणि पदवी परीक्षांनाही तीच सवलत असावी असे सुचविले. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला होता. शाळेचे दार ज्याला बंद आहे, त्याला परीक्षा हेच दार ठरू शकते. शिक्षकाच्या मर्जीपेक्षा अनोळखी परीक्षकाची उत्तरपत्रिका त्याला अधिक न्याय देण्याचा संभव होता. परीक्षेच्या यांत्रिकपणावर टीका करणाऱ्या सुशिक्षितांना ही बाजू क्वचितच दिसते.

सरकारलाही फार काळ समाधान लाभले नाही. १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावात परीक्षांच्या अतिरेकी वर्चस्वाची कबुली आहे, आणि त्याच दशकात निकालानुसारी अनुदान मागे पडले. शाळेची प्रतवारी शेकडा निकालावरून करण्याची सवय मात्र राहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही मागे न ठेवण्याची आणि सर्वंकष, सातत्यपूर्ण मूल्यमापनाची तरतूद केली. २०१९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा पुन्हा आणली. अनुत्तीर्ण मुलाला निकालानंतर दोन महिन्यांत आणखी एक संधी द्यायची, आणि तीतही तो अपयशी ठरल्यास त्याला त्याच इयत्तेत ठेवायचे की नाही, हे ठरविण्याची मोकळीक शासनांना दिली.